एकाच वाणाचे उंदीर, दोन वेगळी आतडी

उंदीर एकाच वाणाचे होते. 'सी५७बीएल/६' नावाचा हा काळा उंदीर जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. पिढ्यानपिढ्या आपापसांतच पैदास झाल्यामुळे जनुकांच्या दृष्टीने एक उंदीर दुसऱ्यासारखाच धरला जातो. त्यांना टोचलेल्या कर्करोगाच्या पेशीही एकाच प्रकारच्या, मेलॅनोमाच्या म्हणजे त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या होत्या. फरक एवढाच की काही उंदीर अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीकडून आणले होते आणि काही टॅकॉनिक फार्म्स या दुसऱ्या पुरवठादाराकडून. टॅकॉनिकच्या उंदरांत गाठ झपाट्याने वाढली. जॅक्सनच्या उंदरांत ती रेंगाळली.

या फरकाचा माग शिकागो विद्यापीठात थॉमस गायेव्स्की यांच्या गटाने काढला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये तो 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. पहिल्या लेखिका होत्या आयलेट सिवान. आतड्यातले जिवाणू आणि कर्करोग यांच्यावर आज मजकुराची कमतरता नाही. त्यातला बराचसा 'आतडे चांगले ठेवा, कॅन्सर लांब राहील' एवढ्यावर येऊन थांबतो. तो सल्ला मनावर घेण्याआधी हे एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावे असे मला मनापासून वाटते. आतड्यातले जिवाणू किती काही करू शकतात हे त्यात कळते, आणि तेच काम पुडीत बांधून विकणे इतके अवघड का, हेही.

प्रश्न कुठून आला

गायेव्स्की प्रयोगशाळेत काम करतात आणि रुग्णही पाहतात. मेलॅनोमाच्या रुग्णांच्या गाठी तपासताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येत होती. काही गाठींत टी पेशी मोठ्या संख्येने शिरलेल्या असत, तर काही गाठींत त्यांचा मागमूसही नसे. टी पेशी म्हणजे आपल्या प्रतिकार यंत्रणेतल्या अशा पेशी, ज्या संसर्ग झालेली किंवा बिघडलेली पेशी ओळखून तिला थेट मारतात. ज्यांच्या गाठीत त्या आधीच पोचलेल्या असतात, त्यांना नव्या इम्युनोथेरपीचा फायदा होण्याची शक्यता जास्त असते.

ही इम्युनोथेरपी काय करते ते थोडक्यात सांगायला हवे. टी पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. समोरच्या पेशीने पीडी-एल१ हे प्रथिन दाखवले आणि दोन्ही जुळले, की टी पेशी थंडावते. प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून ही व्यवस्था आहे. कर्करोगाच्या अनेक पेशी तिचाच गैरफायदा घेतात. निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे हे जुळणे अडवतात आणि टी पेशी पुन्हा कामाला लागते. सीटीएलए-४ हे अशाच प्रकारचे दुसरे प्रथिन. या दोन शोधांबद्दल तासुकू होंजो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषध विलक्षण आहे, पण सगळ्यांना लागू पडत नाही. एकच आजार, एकच टप्पा, एकच मात्रा, तरीही एका रुग्णाच्या गाठी विरघळतात आणि दुसऱ्याच्या वाढतच राहतात. गायेव्स्कींच्या गटाने तीन दिशांनी शोध सुरू केला. गाठीच्या जनुकांत काही असेल, रुग्णाच्या जन्मजात जनुकांत असेल, किंवा त्याच्या भोवतालात, आणि त्यातही आतड्यातल्या जिवाणूंत असेल. पहिल्या दिशेनेही त्यांच्या हाती चांगले काही लागले. हे प्रकरण तिसऱ्या दिशेचे आहे.

दोन पुरवठादारांचे उंदीर निवडण्यामागे कारण होते. न्यूयॉर्कमधील डॅन लिटमन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले होते की टॅकॉनिकच्या उंदरांच्या आतड्यात धाग्यासारखा एक जिवाणू असतो, जॅक्सनच्या उंदरांत तो नसतो, आणि त्या एका जिवाणूमुळे आतड्यातल्या टी पेशींचा एक सबंध प्रकार तयार होतो. म्हणजे पुरवठादार बदलला की जिवाणू बदलतात आणि प्रतिकार यंत्रणाही बदलते, एवढे ठाऊक होते. हा बदल आतड्यापासून दूर, कातडीखालच्या गाठीपर्यंत पोचतो का, हे कोणी पाहिले नव्हते.

पिंजरे बदलून पाहिले

नुसता फरक दिसला म्हणून कोणी जिवाणूंना श्रेय देणार नाही. दोन ठिकाणी वाढलेल्या उंदरांत इतर शंभर गोष्टी वेगळ्या असू शकतात: खाद्य, पाणी, प्रवासाचा ताण, पिढ्यांगणिक साठलेले बारीक जनुकीय बदल. पुढची पायरी साधी होती आणि म्हणूनच मला ती फार आवडते. दोन्हीकडचे उंदीर गाठ टोचण्याआधी एका पिंजऱ्यात एकत्र ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे थोड्याच काळात त्यांच्या आतड्यांतले जिवाणू एकमेकांत मिसळतात. मग गाठ टोचली. फरक नाहीसा झाला होता.

पण कुठल्या बाजूने नाहीसा झाला? प्रकरणाची खरी गोम या प्रश्नात आहे. एकत्र राहिल्यावर टॅकॉनिकचे उंदीर जॅक्सनच्या उंदरांसारखे झाले, त्यांच्यातही गाठ सावकाश वाढू लागली. जॅक्सनचे उंदीर मात्र बिघडले नाहीत. टॅकॉनिकच्या आतड्यात एखादा अपायकारक जिवाणू असता, तर तो जॅक्सनच्या उंदरांत शिरून त्यांचीही अवस्था वाईट झाली असती. तसे झाले नाही, याचा अर्थ जॅक्सनच्या आतड्यात काहीतरी उपयोगी होते, जे टॅकॉनिकमध्ये नव्हते किंवा फारच कमी होते. आता शोध 'वाईट' जिवाणूचा राहिला नाही, 'चांगल्या' जिवाणूचा झाला. एका पिंजऱ्याच्या प्रयोगाने शोधाची दिशाच ठरवून टाकली.

पुढे विष्ठा थेट तोंडावाटे देऊन पाहिली. जॅक्सनच्या उंदरांची विष्ठा टॅकॉनिकच्या उंदरांना नळीने पोटात दिली, तर गाठीची वाढ मंदावली आणि गाठीत शिरणाऱ्या मारक टी पेशी वाढल्या. उलट दिशेने दिली तर विशेष काही घडले नाही. गाठ आधीच वाढू लागलेल्या उंदरांवरही हाच प्रयोग केला. तेव्हा नुसत्या विष्ठेने जेवढा परिणाम साधला, तेवढाच पीडी-एल१ अडवणाऱ्या औषधाने साधला, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर परिणाम आणखी वाढला. हेच औषध एकटे दिले, तर जॅक्सनच्या उंदरांत ते टॅकॉनिकच्या उंदरांपेक्षा चांगले काम करत होते.

औषध तेच, मात्रा तीच, गाठ तीच. दवाखान्यात रुग्णांबाबत जे कोडे पडत होते, त्याची छोटी प्रतिकृती पिंजऱ्यात तयार झाली होती.

संशयित सापडला

विष्ठेत शेकडो प्रकारचे जिवाणू असतात. त्यातला नेमका कोण, हे शोधायला त्यांच्या जनुकीय खुणा वाचल्या आणि कोणत्या जिवाणूचे प्रमाण टी पेशींच्या प्रतिसादाबरोबर वाढते ते पाहिले. नाव पुढे आले बायफिडोबॅक्टेरियम. हे नाव अनोळखी नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यात याच कुळातले जिवाणू भरपूर असतात, आणि औषधांच्या दुकानातल्या बऱ्याच प्रोबायोटिक पुड्यांवरही, म्हणजे उपयोगी मानलेले जिवाणू भरलेल्या पुड्यांवरही, हे नाव छापलेले असते.

गटाने बाजारात मिळणारे बायफिडोबॅक्टेरियमचे मिश्रण टॅकॉनिकच्या उंदरांना दिले. गाठ रोखली गेली, जवळपास औषधाइतकीच. औषध आणि जिवाणू दोन्ही दिल्यावर गाठीची वाढ जवळजवळ थांबली.

वर्तमानपत्रांनी बातमी एवढ्यावरच उचलली. पण शोधनिबंधातला मोलाचा भाग मला यापुढचा वाटतो, कारण तिथे स्वतःच्याच निष्कर्षाची उलटतपासणी आहे. उष्णतेने मारलेले बायफिडोबॅक्टेरियम दिले तर परिणाम होत नाही, म्हणजे जिवाणू जिवंत हवा. त्याऐवजी लॅक्टोबॅसिलसची एक जात दिली तर परिणाम होत नाही, म्हणजे कोणताही जिवाणू चालत नाही. उंदरांतल्या मारक टी पेशी आधीच काढून टाकल्या तर परिणाम होत नाही, म्हणजे जिवाणू गाठीला स्वतः हात लावत नाही, टी पेशींकडून काम करून घेतो. आणि हे जिवाणू आतड्याबाहेर, प्लीहेत किंवा गाठीत, सापडले नाहीत. ते आतड्यातच राहिले आणि तिथूनच परिणाम घडवला.

मग निरोप पोचला कसा? उत्तराचा धागा डेंड्रिटिक पेशींत मिळाला. या पेशी शरीरात फिरून परक्या किंवा बिघडलेल्या प्रथिनांचे तुकडे उचलतात आणि टी पेशींना दाखवतात. कोणाला मारायचे ते टी पेशी इथेच शिकते. बायफिडोबॅक्टेरियम असलेल्या उंदरांच्या डेंड्रिटिक पेशी अधिक तयारीच्या आढळल्या. त्यांनी तुकड्यांची कमी मात्रा दाखवली तरी टी पेशी जाग्या होत. म्हणजे कर्करोगाविरुद्ध एखादे नवे शस्त्र जिवाणूंनी दिले नाही. प्रतिकार यंत्रणा कितपत खुणेवर हलेल, ती पातळी त्यांनी खाली आणली. या सगळ्या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती हीच ठेवावी.

पाच वर्षांनी सापडलेली मेख

गायेव्स्कींच्या गटाने वापरलेल्या मेलॅनोमा पेशींत एक मुद्दाम घातलेली खूण होती, 'एसआयवाय' नावाचा आठ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या घटकांचा, तुकडा. टी पेशींचा प्रतिसाद मोजता यावा म्हणून अशा खुणा वापरण्याची पद्धत आहे. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी दाखवले की बायफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह या जातीत जवळपास तस्साच तुकडा नैसर्गिकरीत्या असतो. आठपैकी सात अमिनो आम्ले तीच, फक्त एका जागी आयसोल्यूसीनऐवजी व्हॅलीन. जिवाणूच्या तुकड्यावर तयार झालेल्या टी पेशी गाठीतल्या खुणेलाही ओळखत होत्या.

म्हणजे शिकागोत दिसलेला परिणाम काही अंशी योगायोगाचा होता का? काही अंशी, कदाचित. मूळ निबंधात ही खूण नसलेल्या मेलॅनोमावर आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींवरही जिवाणूंचा परिणाम दिसला होता, त्यामुळे सगळाच निष्कर्ष ढासळत नाही. पण या मेखेने दुसरे एक दार उघडले. जिवाणूंशी रोजचा परिचय असलेल्या टी पेशींपैकी काही चेहरा मिळताजुळता दिसला म्हणून कर्करोगाच्या पेशीवरही चालून जात असतील, तर तो पहिल्या मार्गाहून वेगळाच मार्ग झाला. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅल्गरीतून तिसरा मार्ग पुढे आला: बायफिडोबॅक्टेरियमची एक जात इनोसिन नावाचे रेणू बनवते, ते रक्तात उतरतात आणि टी पेशींवर थेट काम करतात. एकाच कुळातल्या जिवाणूंचे तीन निरनिराळे मार्ग. 'चांगले जिवाणू प्रतिकारशक्ती वाढवतात' या एका वाक्यात हे मावत नाही.

माणसांकडे वळताना

शिकागोचा निबंध आला त्याच अंकात पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या लॉरेन्स झिट्व्होगेल यांच्या गटाचाही निबंध होता. त्यांनी सीटीएलए-४ अडवणारे औषध वापरले. आतड्यात एकही जिवाणू नसलेल्या किंवा प्रतिजैविके (अँटिबायोटिक) दिलेल्या उंदरांवर ते औषध चाललेच नाही. बॅक्टेरॉइड्स कुळातले जिवाणू परत दिल्यावर ते चालू लागले. दोन गट, दोन औषधे, दोन वेगळे जिवाणू, पण दिशा एकच. त्यामुळे या विषयाकडे कर्करोगतज्ज्ञांचे लक्ष खऱ्या अर्थाने वळले.

जानेवारी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्येच रुग्णांवरचे तीन अभ्यास एकत्र आले. शिकागोच्या गटाने मेलॅनोमाच्या ४२ रुग्णांची विष्ठा उपचारांआधी तपासली. औषध लागू पडलेल्या रुग्णांत बायफिडोबॅक्टेरियम लाँगम, कॉलिन्सेला आणि एन्टेरोकॉकस फिशियम यांचे प्रमाण जास्त होते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातल्या जेनिफर वार्गो यांच्या गटाला मेलॅनोमाच्याच रुग्णांत फिकॅलिबॅक्टेरियम दिसले. पॅरिसच्या गटाला फुप्फुस आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगात अकरमॅन्सिया म्युसिनिफिला दिसला. आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरावर जगणारा हा जिवाणू आहे.

तीन शहरे, तीन नावे. काहींना इथे विसंगती दिसली आणि त्यांनी सगळ्याच दाव्यांवर शंका घेतली. शंका रास्त होती. पुढे २०२२ मध्ये युरोपातील अनेक केंद्रांच्या मेलॅनोमा रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हाही सगळीकडे टिकेल असा एकही जिवाणू सापडला नाही. माझे मत असे की याचा अर्थ परिणाम खोटा असा होत नाही. एकच काम वेगवेगळे जिवाणू करू शकतात, आणि कोणत्या गावात त्यातला कोण भेटेल हे तिथल्या खाण्यापिण्यावर आणि औषधांच्या सवयींवर ठरते. जिवाणूच्या नावापेक्षा तो आतड्यात काय करतो हे मोजायला हवे, आणि ते मोजणे फार अवघड आहे.

२०१८ च्या पॅरिसच्या निबंधातला एक आकडा मात्र जिवाणूंच्या नावांपेक्षा जास्त बोलका आहे. पीडी-१ च्या औषधावर असलेल्या २४९ रुग्णांपैकी ६९ जणांना उपचार सुरू होण्याच्या आसपास प्रतिजैविके दिली गेली होती, बहुतेक दात, मूत्रमार्ग किंवा छातीच्या संसर्गासारख्या साध्या कारणांसाठी. त्यांच्यातले निम्मे रुग्ण ११.५ महिन्यांपेक्षा जास्त जगले, बाकीच्यांत हाच मध्यम काळ २०.६ महिने होता. लंडनमधल्या १९६ रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात उपचारांआधीच्या ३० दिवसांत घेतलेली प्रतिजैविके घातक दिसली, उपचार चालू असताना घेतलेली तितकी नाहीत. प्रतिजैविक लागलेला रुग्ण मुळातच अधिक आजारी असू शकतो, हा आक्षेप खरा आहे आणि अशा अभ्यासांतून तो पुरता जात नाही. पण झिट्व्होगेल यांच्या गटाने २०२३ मध्ये त्यामागचे एक कारणही दाखवले. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात मॅडकॅम-१ नावाचे प्रथिन काही टी पेशींना तिथेच अडवून ठेवते. प्रतिजैविके थांबल्यावर जे जिवाणू मोकळी जागा बळकावतात, त्यांच्यामुळे हे प्रथिन घटते. मग एरवी आतड्यात राहिल्या असत्या अशा, प्रतिकार आवरणाऱ्या टी पेशी सुटून गाठीत जातात आणि तिथली लढाई मंदावतात.

दोन दाते

पिंजऱ्यातल्या प्रयोगाशी सर्वात मिळतेजुळते मानवी उदाहरण इस्रायलमधले आहे. तेल अवीवजवळच्या शेबा वैद्यकीय केंद्रात मेलॅनोमाचे दहा रुग्ण निवडले. आजार पसरलेला होता आणि पीडी-१ च्या औषधाला न जुमानता तो वाढला होता. अशा रुग्णाला तेच औषध पुन्हा देऊन सहसा काही हाती लागत नाही.

त्यांना द्यायच्या विष्ठेचे दाते दोन होते. दोघांनाही पसरलेला मेलॅनोमा झालेला होता आणि दोघेही याच औषधाने पूर्ण बरे होऊन किमान वर्षभर तसेच राहिले होते. रुग्णांची आतडी तीन दिवस प्रतिजैविके देऊन मोकळी केली, मग दात्याची विष्ठा आधी कोलोनोस्कोपीने आणि नंतर कॅप्सूलमधून दिली, आणि निव्होलुमॅब पुन्हा सुरू केले.

दहापैकी तिघांच्या गाठी आटल्या. एकाच्या पूर्ण, दोघांच्या बऱ्याच. या तिघांनाही विष्ठा मिळाली होती ती पहिल्या दात्याची. दुसऱ्या दात्याकडून घेतलेल्या पाचही जणांत काही घडले नाही. दोन्ही दाते बरे झालेले, दोघांचे औषध एक, तरी एकाचे विरजण लागले आणि दुसऱ्याचे लागले नाही. पाच-पाच रुग्णांवरून ठाम बोलता येत नाही हे मान्य, पण शिकागोच्या दोन पिंजऱ्यांची आठवण इथे टाळता येत नाही.

त्याच सुमारास, २०२१ च्या सुरुवातीला, पिट्सबर्गच्या गटाचा असाच अभ्यास आला. तिथे तपासता आलेल्या १५ रुग्णांपैकी सहा जणांना फायदा झाला. २०२३ मध्ये कॅनडात निरोगी दात्यांची विष्ठा पहिल्याच उपचाराबरोबर दिली गेली, तेव्हा २० पैकी १३ रुग्णांनी प्रतिसाद दिला. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे श्रेय किती विष्ठेचे आणि किती औषधाचे हे त्या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

पद्धत निर्धोक नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला. एकाच दात्याची विष्ठा मिळालेल्या दोन रुग्णांना प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा संसर्ग झाला होता आणि त्यातला एक दगावला होता. ते उपचार कर्करोगाच्या या प्रयोगांतले नव्हते, पण धडा सर्वांना लागू होता. तेव्हापासून दात्यांची तपासणी अधिक कडक झाली. घरच्या घरी असले काही करून पाहण्याचा विचारही कोणी करू नये.

पुडीतल्या जिवाणूंचे काय

शिकागोतल्या उंदरांना बाजारातलेच मिश्रण दिले होते. मग रुग्णाने तीच पुडी आणून घेतली तर? वार्गो यांच्या गटाने २०२१ मध्ये नेमके हेच पाहिले, आणि उत्तर धक्कादायक होते. मेलॅनोमाच्या ज्या उंदरांना दुकानात मिळणारे प्रोबायोटिक दिले, त्यांच्यात इम्युनोथेरपीचा परिणाम कमी झाला. त्यातल्या एका प्रोबायोटिकमध्ये बायफिडोबॅक्टेरियम लाँगमच होता. ज्या आतड्यात तो नाही तिथे तो मोलाचा ठरेल, आणि जिथे जिवाणूंची वस्ती आधीच विविध आहे तिथे एकच जात भरमसाट आल्याने ती विविधता मोडत असेल, असा अर्थ मी लावते. त्याच अभ्यासात १२८ रुग्णांच्या आहाराची नोंद होती. ज्यांच्या जेवणात तंतू (फायबर) दिवसाला २० ग्रॅमच्या वर होते त्यांच्यात आजार अधिक काळ आटोक्यात राहिला. तंतू जास्त आणि वर प्रोबायोटिकही नाही, अशांची स्थिती सर्वात चांगली होती.

उलट बाजूही सांगायला हवी. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप केंद्रात मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या ३० रुग्णांची लहान चाचणी झाली. काहींना इम्युनोथेरपीबरोबर जपानमध्ये जुलाबांवर वापरला जाणारा क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा जिवाणू दिला. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ त्यांच्यात १२.७ महिने होता, इतरांत २.५ महिने. या चाचणीचे मुख्य उद्दिष्ट वेगळेच होते: या जिवाणूमुळे आतड्यातले बायफिडोबॅक्टेरियम वाढतात का ते पाहणे. तशी लक्षणीय वाढ झाली नाही. रुग्णांना फायदा झाला, पण ठरवलेल्या वाटेने नाही.

म्हणून पुडीवरचे नाव पाहून काही ठरवता येत नाही. कोणता जिवाणू, कोणाच्या आतड्यात, कोणत्या औषधाबरोबर, हे तिन्ही एकत्र पाहावे लागते.

आपल्याकडच्या रुग्णासाठी

मेलॅनोमा आपल्याकडे विरळा. आपल्याकडे इम्युनोथेरपीचा प्रश्न येतो तो मुख्यतः फुप्फुस, मूत्रपिंड आणि तोंड-घशाच्या कर्करोगात, आणि पहिला अडसर असतो किंमत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी यावर २०२२ मध्ये फार मोलाचे काम प्रसिद्ध केले. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या औषधांबरोबर निव्होलुमॅबची फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी दिली. नेहमीच्या मात्रेपुढे ही अगदी नाममात्र. वर्षभराने जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. इतक्या काटकसरीने हाती आलेले औषध आतड्यातल्या बिघाडामुळे वाया जाऊ नये, म्हणून हा विषय इथे चैनीचा नाही.

परदेशातल्या याद्या मात्र इथे उचलून लावता येणार नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने आणि देशातल्या इतरांनी भारतीय आतड्यांचा जो अभ्यास केला आहे, त्यात प्रेव्होटेला हा जिवाणू ठळकपणे दिसतो. धान्य, डाळी, भाज्या यांच्यावर पोसलेल्या आतड्याची ती ओळख मानली जाते. ह्यूस्टन किंवा पॅरिसमधल्या रुग्णांत जी नावे 'चांगली' ठरली, त्यांचे काम इथे दुसरेच कोणी करत असण्याची शक्यता मोठी आहे. इम्युनोथेरपी घेणाऱ्या आपल्या रुग्णांची विष्ठा उपचारांआधी साठवून ठेवणे आणि पुढे निकालांशी ताडून पाहणे, एवढे तरी मोठ्या केंद्रांनी नेमाने करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फ्रीजरमधल्या जागेखेरीज त्याला फारसा खर्च नाही.

रुग्ण आणि घरच्यांना आजच करता येण्यासारखे थोडे आहे, पण आहे. सर्दी-खोकल्यावर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणून घेण्याची आपल्याकडची सवय इम्युनोथेरपी सुरू होण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत तरी सोडावी. गेल्या दोन महिन्यांत कोणते अँटिबायोटिक घेतले ते कर्करोगतज्ज्ञांना न विसरता सांगावे. दातांचे काम काढायचे असेल तर त्यांना आधी विचारावे. डॉक्टरांनी संसर्गासाठी अँटिबायोटिक लिहून दिले असेल, तर मात्र ते पूर्ण घ्यावे. केमो चालू असलेल्या रुग्णात ताप आणि संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, आणि हा लेख वाचून कोणी गोळी टाळली तर त्याहून वाईट काही नाही. दुसऱ्या कोणी सुचवलेली प्रोबायोटिकची पुडी तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्यांबद्दलही विचारून घ्यावे, कारण त्यांनीही आतड्यातले जिवाणू बदलतात. जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या, फळे पोटाला सोसतील तेवढी असू द्यावीत. आतड्याला सूज असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा इम्युनोथेरपीमुळेच जुलाब लागले असतील, तर तंतू कमी करावे लागतात. अशा वेळी किती आणि काय खायचे ते रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे, आणि जुलाब लागले तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.